शेंगदाणे नाहीत, नुसतं कूट आहे

कोल्हापुरात पोचलो त्या दुपारी एका छोट्या खानावळीत मी गल्ल्यावरच्या काकांना विचारलं, भरल्या वांग्यात शेंगदाणे आहेत का हो? ते लगेच म्हणाले, "नाहीत ओ ताई, अजिबात नाहीत." मग मी विचारलं, आणि कूट? "कूट हाय की. कुटाबिगर वांगं कसं व्हायचं?"

ते काका खोटं बोलत नव्हते, हे आधी सांगते. त्यांच्या लेखी शेंगदाणे म्हणजे अख्खे, भाजलेले, गुळाबरोबर खायचे, आणि कूट म्हणजे मसाल्यातलाच एक जिन्नस, तिखट-मीठ-हळदीच्या शेजारचा. आपणही घरात "कूट संपलंय" म्हणतो, शेंगदाणे संपलेत असं कुठे म्हणतो? पण माझ्या सात वर्षांच्या लेकीला शेंगदाण्याची आणि काजूची ऍलर्जी आहे (काजूवाल्यांना पिस्ताही बहुतेक सोसत नाही, म्हणून तोही बंद), आणि ह्या एका शब्दाच्या फरकामुळे आम्ही एकदा तिला उचलून हॉस्पिटलात पळालोय. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय. ह्या विषयावर जे काही वाचायला मिळतं त्यात पीनट बटर आणि कुकीज असतात, आपल्याकडची कोशिंबीर, खर्डा, खिचडी, चिक्की ह्यांचं कुणी बोलतच नाही, आणि आपल्याकडच्या पोरांना धोका तर तिथूनच आहे ना.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नात्यातलं लग्न, पंगत, मी स्वतः जाऊन वाढप्याला विचारलं होतं, कशात शेंगदाणे आहेत का, तो नाही म्हणाला. काकडीच्या कोशिंबिरीत कूट होतं. लेक तेव्हा चार वर्षांची, दोन घास खाऊन म्हणाली "आई, जिभेला टोचतंय", मग घशात केस अडकलाय म्हणायला लागली, मग ओठांभोवती आणि पोटावर गांधी उठल्या, मग उलटी, आणि मग तिचा आवाज बदलला, घोगरा झाला. माझ्या पर्समध्ये ऍलर्जीचं सिरप होतं ते मी दिलं आणि आता बरं वाटेल म्हणून वीसेक मिनिटं बसून राहिले. ती वीस मिनिटं मला अजून आठवतात. नंतर डॉक्टरांनी समजावलं की सिरप किंवा गोळी फक्त खाज आणि गांधी कमी करते, श्वासाचा त्रास किंवा बीपी पडणं ती थांबवत नाही, ते काम फक्त ऍड्रेनलिनच्या इंजेक्शनचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि लवकर. इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत तिचा श्वास सुधारला, पण रात्रभर तिथेच ठेवलं कारण असा झटका काही तासांनी परत येऊ शकतो. हे ज्यांच्या घरी ऍलर्जी आहे त्यांनी पाठच करा, बरं वाटलं म्हणून लगेच घरी न्यायचं नाही, आणि त्रास चालू असताना पोराला उभं करायचं नाही, चालवायचं नाही, आडवं झोपवून पाय थोडे वर ठेवायचे, श्वास लागत असेल तर बसवायचं.

त्यानंतर आम्ही बाहेरगावी जाणं जवळजवळ बंदच केलं. कोल्हापूर माझं आजोळ, अंबाबाई आमची कुलस्वामिनी, आणि लेकीने तिथलं काही बघितलेलंच नाही ह्याचं मला फार वाईट वाटायचं. शेवटी जानेवारी अखेरीस, किरणोत्सवाच्या सुमाराला, चार दिवसांसाठी निघालो. पुण्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे लांब नाही, पण तयारीला मला पंधरा दिवस लागले.

सगळ्यात आधी इंजेक्शन. परदेशात पेनासारखं तयार इंजेक्टर मिळतं, मांडीला दाबलं की झालं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, कुणी बाहेरून मागवतात, महाग पडतं आणि एक्स्पायरी लवकर येते. आमच्या डॉक्टरांनी साधी ऍड्रेनलिनची ऍम्प्यूल, एक मिलीमध्ये एक मिलिग्रॅमवाली, आणि छोट्या सिरिंज दिल्यात, आणि मला आणि नवऱ्याला समोर बसवून पाणी भरून दहा वेळा सराव करायला लावला. हिशोब वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम असतो, म्हणजे वीस किलोच्या पोराला ०.२ मिली, पण हे कुठे वाचून करायचं काम नाही, आपल्या डॉक्टरांकडून आकडा लिहून घ्या आणि तो कागद सिरिंजला चिकटवून ठेवा, त्या वेळी डोकं चालत नाही. दोन ऍम्प्यूल ठेवायच्या, कारण पाच मिनिटांनी दुसरा डोस लागू शकतो. आणि ते औषध ऊन आणि उजेड सोसत नाही, त्यामुळे गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत टाकायचं नाही, आमचा पाऊच कायम आमच्यापैकी एकाच्या खांद्याला असतो.

राहायला ताराबाई पार्कात गॅस असलेली जागा घेतली, हॉटेल नाही. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण आपल्या हातचं असलं की बाहेर फक्त दुपारचं एक जेवण सांभाळायचं राहतं आणि जीव हलका होतो. तिथून सीपीआर हॉस्पिटलला (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) गाडीने किती वेळ लागतो ते पहिल्याच संध्याकाळी एकदा जाऊन बघून आलो. १०८ तर सगळ्यांना माहीतच आहे.

आणि एक कागद. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेला: ह्या मुलीला शेंगदाणा, शेंगा, दाणे, कूट, दाण्याची चटणी, घाण्याचं शेंगतेल, चिक्की, काजू, पिस्ता ह्यातलं काहीही पोटात गेलं तर श्वास बंद पडू शकतो, चिमूटभरसुद्धा चालत नाही, कृपया स्वयंपाक करणाऱ्यांना दाखवा. विदर्भात जाणार असाल तर त्यात फल्ली आणि फल्लीदाणे हे शब्द घाला, तिकडे शेंगदाणे म्हटलं तर कळतं, पण तोंडातला शब्द तो नाही, आणि आचाऱ्याच्या तोंडातल्या शब्दात विचारलं तरच खरं उत्तर मिळतं असा माझा अनुभव आहे.

तेलाचं पण लोक नेहमी विचारतात. कारखान्यात पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ राहत नाहीत म्हणून ते बहुतेकांना बाधत नाही, ऍलर्जी प्रथिनांची असते, तेलाची नाही. पण लाकडी घाण्याचं तेल, ज्याची आता सगळीकडे आवड वाढली आहे, त्यात प्रथिनं राहतात. म्हणजे जे इतरांना जास्त चांगलं तेच आमच्यासाठी जास्त घातक. आम्ही दोन्ही टाळतो.

पॅकबंद मालाचं त्या मानाने बरं आहे. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे शेंगदाणा, काजू-बदाम वगैरे, दूध, अंडी, मासे, कोळंबीसारखे कवचवाले जीव, सोयाबीन, ग्लूटेनवाली धान्यं आणि सल्फाइट हे पाकिटावर वेगळं लिहावं लागतं. तीळ मात्र त्या यादीत नाही, ज्यांना तिळाची ऍलर्जी आहे त्यांनी सगळे घटक शेवटपर्यंत वाचावे लागतात. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना मेनूवरही ऍलर्जीची माहिती द्यायची असते, त्यामुळे हायवेवर थांबलो तेव्हा आम्ही सरळ अशाच एका ठिकाणी गेलो आणि मॅनेजरकडून तक्ता मागून घेतला. मागितल्याशिवाय समोर येत नाही, पण मागा. किलोवर मिळणारं सुट्टं फरसाण, भडंग, चिवडा, ह्यांना लेबलच नसतं, तो विषयच आम्ही सोडून दिलाय.

आता त्या खानावळीकडे परत येते. कूट हाय की, असं काकांनी सांगितल्यावर मी त्यांना पुठ्ठा दाखवला, त्यांनी तो दोनदा वाचला आणि "आत मावशी हाय, तिलाच इचारा" म्हणून मला आत नेलं. आत जाऊ देत असतील तर जाच, कारण जे आत दिसतं ते विचारून कळत नाही. ओट्यावर मिसळणाचा मोठा स्टीलचा डबा उघडा होता, सात वाट्या, मधल्या वाटीत कूट, चहूबाजूंनी तिखट, हळद, धणेपूड, गोडा मसाला, आणि सगळ्यांना मिळून चमचा एकच. लाल तिखटावर कुटाचे फिकट कण पडलेले मला स्पष्ट दिसत होते. म्हणजे ज्या पिठल्यात कूट नाही, ज्या आमटीत कूट नाही, तीसुद्धा ह्याच डब्यातून, ह्याच चमच्याने झालेली. पुण्यातल्या माझ्या स्वतःच्या आईचा डबा असाच होता, मी त्यात वाढले, आणि लेकीचं निदान होईपर्यंत ते मला कधी दिसलं नव्हतं.

मावशींना ऍलर्जी हा शब्द माहीत होता पण त्यांना वाटलं अंगाला खाज सुटते तेवढंच. मी म्हटलं, मावशी, श्वास बंद होतो. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी नेहमीचं वाक्य वापरलं जे मला फार उपयोगी पडलंय: तुम्ही जैन जेवण कसं वेगळं करता, वेगळी कढई, वेगळा डाव, तसंच करायचं, फक्त हिला कांदा-लसूण चालतो, कूट चालत नाही. कोल्हापूर-सांगली भागात जैन समाज मोठा, त्यामुळे "वेगळं करणं" म्हणजे काय हे तिथल्या स्वयंपाकघरांना पक्कं ठाऊक असतं, कढईपासून हातापर्यंत. मावशी लगेच म्हणाल्या, "मग आधी सांगायचं न्हाई व्हय!" त्यांनी साबणाने हात धुतले, लोखंडी कढई घासून घेतली, तिखट डब्यातलं न घेता मागच्या बरणीतलं घेतलं, नव्या कोऱ्या चमच्याने, आणि दहा मिनिटांत कांदा-लसणाचं पिठलं आणि ज्वारीची भाकरी. लेकीने दोन भाकऱ्या खाल्ल्या. खर्डा मावशींनी स्वतःच ताटातून उचलून बाजूला केला, "ह्यात हाय", म्हणून. मी विचारायच्याही आधी.

दुसऱ्या दिवशी मटणाच्या थाळीसाठी दुसरीकडे गेलो. तांबडा रस्सा विचारून घेतला, त्यांच्याकडे कांदा, लसूण, खोबरं, तीळ एवढंच होतं, चाललं. पांढऱ्यात मात्र काजू वाटलेला होता. काही घरी पांढरा रस्सा नुसत्या नारळाच्या दुधात खसखस-तीळ घालून करतात, काही ठिकाणी दाटपणाला काजू घालतात, रंग दोन्हीचा तोच, त्यामुळे एका ठिकाणी चालला म्हणून दुसरीकडे चालेल असं नाही, दर वेळी नव्याने विचारायचं. लोणी डोशाच्या चटणीचंही तेच, पांढरी चटणी कुणी डाळं घालून करतं, कुणी दाणे घालून, आणि डोळ्यांना काही कळत नाही. आम्ही डोसा नुसता लोण्याबरोबर घेतला, तवा पुसून घेऊन. मिसळीच्या वाटेला गेलोच नाही, फरसाणात काय काय आहे हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

उपवासाचं एक सांगायलाच हवं कारण त्यात भले भले फसतात. उपवासाचं म्हणजे हलकं, साधं, पोराला द्यायला बरं असं आपल्या डोक्यात असतं, आणि शेंगदाण्याच्या ऍलर्जीला सगळ्यात वाईट मेनू तोच. साबुदाण्याची खिचडी, वडा, दाण्याची आमटी, बटाट्याचा चिवडा, उपवासाची कोशिंबीर, सगळ्यात दाणे, आणि ज्या झाऱ्याने खिचडी हलवली त्यानेच वरी वाढतात. चतुर्थीला, एकादशीला, नवरात्रात आम्ही बाहेर जेवतच नाही.

सगळ्यात कठीण हॉटेल नव्हतंच पण, सगळ्यात कठीण मामीचं घर. मामीने आदल्या दिवसापासून स्वयंपाक केलेला, भाचीची लेक पहिल्यांदा घरी येणार म्हणून, आणि मी दारातच म्हटलं की मामी, ती आपल्या डब्यातलंच खाईल. मामीचा चेहरा उतरला. "अगं पोरी, एवढ्याशा कुटानं काय होतंय? जरा जरा देत गेलीस की सवय होती अंगाला." हे मला किती जणांनी सांगितलंय त्याची गणती नाही, आणि त्यांच्या मनात वाईट काही नसतं. त्यात एक अर्धं खरंही आहे, २०१५ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली तर पुढे ऍलर्जी होण्याचं प्रमाण खूप कमी होतं. पण ते ऍलर्जी होण्याआधीचं. एकदा झाल्यावर घरच्या घरी थोडं थोडं देऊन बघणं म्हणजे पोराच्या जिवाशी खेळ, ते उपचार असतात पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून मिलिग्रॅममध्ये. मी मामीला लग्नातली ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, "ऍलर्जी आहे" एवढंच कळलं होतं. मामी काही बोलली नाही, उठली, आणि अंबाबाईच्या खणातली नवी वाटी काढून त्यात लेकीसाठी नुसता दूध-भात कालवून आणला. तांदूळ तिने माझ्यासमोर धुतले. माझे डोळे भरून आले.

प्रसादाचं आम्ही लेकीला लहानपणापासून शिकवलंय, हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि आईकडे द्यायचा. देवळाबाहेर एका आजींनी तिच्या हातात चिक्कीचा तुकडा ठेवला, तिने तो कपाळाला लावला आणि तसाच माझ्या हातात दिला, मग आम्ही बाटलीतल्या पाण्याने आणि साबणाच्या कागदाने हात धुतले. सॅनिटायझरने शेंगदाण्याचे अंश जात नाहीत, साबण-पाणी किंवा ओले वाइप्सच लागतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यांपासून लांबच बसलो. कणीस हवं होतं तिला, पहिल्या गाडीवर त्याच शेगडीवर शेंगाही भाजत होते, पुढचा माणूस फक्त कणसंच विकत होता, त्याच्याकडून घेतलं, लिंबू आपलं, मीठ आपलं.

शेवटच्या दिवशी गुऱ्हाळ. कोल्हापूरला थंडीत जायचं आणि गुऱ्हाळ बघायचं नाही असं कसं? शिवारात लांबूनच वास येतो. चुलवाणात चिपाडं धडधडत होती, काहिलीत रस उकळत होता आणि गुळव्या काका मोठ्या झाऱ्याने वरची मळी काढत होते. भेंडीचा चीक घालून रस कसा निवळतो ते त्यांनी लेकीला दाखवलं, ती अगदी कडेला उभी राहून बघत होती. मला वाटलं होतं, गूळ म्हणजे ऊस आणि आग, ह्यात कसली भीती. तेवढ्यात रस उतू यायला लागला, फेस पार कडेपर्यंत चढला, आणि काकांनी शेजारच्या डब्यातून वाटीभर काहीतरी घेऊन वरून शिंपडलं आणि फेस खाली बसला.

मी विचारलं, काका, ते काय घातलंत?

"गोडंतेल."

कुठलं गोडंतेल?

"शेंगतेल. घरचंच हाय, आपल्याच शेंगांचं, घाण्यावरचं."

गुळात, चांगल्या घरच्या गुळात, माझ्या डोक्यातही आलं नसतं. नंतर विचारलं तर कळलं की फेस बसवायला कुणी एरंडेल वापरतं, कुणी करडईचं, जे हाताशी असेल ते, आणि शेंगदाणा तेलही सर्रास वापरतात. आता आमच्या घरी गूळ कुठून येतो आणि त्यात काय आहे हे मी पुण्यात परत आल्यावर पहिल्यांदा विचारून घेतलं. तुम्हीही घ्या.

तोवर काकांनी काकवीची वाटी लेकीपुढे धरलेली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तिने हात मागे घेतला. तोंड एवढंसं झालं तिचं, पण रडली नाही. मी काकांना पुठ्ठा दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, वाचला, आणि वाटी बाजूला ठेवून म्हणाले, "मग हिला रस द्या की, रसात काय न्हाई, तेल काहिलीत पडतंय." आणि स्वतः चरकाकडे चालत गेले. नळीचं तोंड पाण्याने धुतलं, ऊस नवीन घातला, पहिला रस सांडू दिला, आणि मग आमच्या पिशवीतला आमचा ग्लास पुढे धर म्हणाले. गार, हिरवट, वर पांढरा फेस. लेकीने एका दमात संपवला आणि ग्लास परत पुढे केला.

आम्ही तिथेच चिपाडांच्या ढिगाजवळ अर्धा तास बसून राहिलो. मी तिच्या ओठांकडे बघत होते, मानेकडे, आवाजाकडे कान होता. ती नवऱ्याला विचारत होती की भेंडीची भाजी घातली तर गूळ हिरवा का होत नाही. आवाज नेहमीचा होता. मग आम्ही गाडी काढली.